टोन आल्याशिवाय सही नाही

तिला आख्खी कॉलनी तक्रारबाई म्हणायची आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटायचं. टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात तिनं एकतीस वर्षं काढली होती. डोक्यावर हेडफोन, समोर जाडजूड वही आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य, "नमस्कार, तक्रार विभाग, बोला." लोक बोलायचे. ओरडायचे, रडायचे, काही जण नुसतेच उसासे टाकायचे. एकानं तर फोन बंद पडल्यामुळे ठरलेलं लग्न मोडलं म्हणून तिलाच जबाबदार धरलं होतं. ती ऐकून घ्यायची, लिहून घ्यायची आणि लाईनमनच्या मागे लागायची.

निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी हात विसरला नव्हता. कॉलनीत कुणाचं पाणी येईना, कुणाच्या दारातला दिवा पेटेना, की अर्ज लिहायला तिच्याकडेच यायचे. कुठला शब्द कुठे लागतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. "विलंब होत आहे" असं लिहिलं की अर्ज टेबलावर झोपतो. "वारंवार" लिहिलं की कूस बदलतो. आणि "जाणीवपूर्वक" लिहिलं की साहेब चहा अर्धा टाकून उठतो.

सध्या मात्र तिची स्वतःचीच तक्रार होती. घरातलं इंटरनेट बंद पडलं होतं.

घरातलं म्हणजे कॉम्प्युटरवरचं. फोन दोघांकडेही बटणांचेच होते, कारण फोन बोलायला असतो असं तिचं मत होतं. कॉम्प्युटर तिला निवृत्तीच्या दिवशी विभागातल्या सगळ्यांनी मिळून दिला होता. तेव्हा तो पांढरा होता, आता म्हाताऱ्या दातांसारखा पिवळा पडला होता. पडदा पेटीसारखा खोल. सुरू केला की आतला पंखा चढ चढणाऱ्या ट्रकसारखा घुरघुरायचा. बाजूला छोटी पितळी पट्टी होती, "आमच्या बाईंना, तक्रार विभागाकडून". तिच्यावर ती रोज फडकं फिरवायची. रोज संध्याकाळी सातला कॉम्प्युटर बंद करायची, भिंतीवरचं बटण बंद करायची आणि वर प्लगही उपसून ठेवायची. एक्स्चेंजमध्ये पाळी संपताना हीच शिस्त होती. वापरात नाही ते बंद.

इंटरनेटवाचून अडलं होतं ते तिच्या नवऱ्याचं. ते चित्रकलेचे मास्तर होते. आता चित्रं काढत नसत, बुद्धिबळ खेळत. कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसाबरोबर, पत्रातून खेळावं तसं, सावकाश. एक खेळी आज, दुसरी उद्या नाहीतर परवा. चार दिवसांत खेळी केली नाही तर हार. दोन वर्षांत मास्तर त्याच्याशी एकदाही जिंकले नव्हते आणि या डावात त्याचा वजीर पडला होता. त्या आनंदात मास्तरांनी अंघोळीला जाताना शीळ घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर एकही पान उघडेना. पडद्यावर नुसता इशाऱ्याचा त्रिकोण आणि खाली इंग्रजीत पाचसहा ओळी.

"शेजारच्यांकडे जाऊन खेळू का?" मास्तर म्हणाले.

"पासवर्ड आठवतोय?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. पासवर्ड कॉम्प्युटरलाच ठाऊक होता.

तिनं कंपनीला फोन लावला. दुपारी लाईनमन आला. तिशी ओलांडलेला, खांद्यावर शिडी, डोक्यात पिवळं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा. ती त्याच्याआधी त्याच्या बुटांकडे बघत होती, कारण फरशी नुकतीच पुसली होती. त्यानं बूट बाहेर काढले. फाटकाजवळची डबी उघडून पाहिली, वायर पाहिली आणि आत येऊन मोडेमसमोर उकिडवा बसला.

"चारही दिवे हिरवे आहेत काकू. लाईन चालू आहे."

"चालू आहे तर पान का उघडत नाही?"

त्यानं स्वतःचा फोन काढला, मोडेमला जोडला आणि तिच्यासमोर धरला. कुणीतरी नाचत होतं, न अडखळता. "हे बघा. हे तुमच्याच नेटवर चाललंय."

"तुझ्या फोनवर काय चालतं ते मला दाखवू नकोस. माझ्या कॉम्प्युटरवर दाखव."

त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. पंखा घुरघुरत होता. तो हसला, वाईट हेतूनं नाही, पण हसला. "काकू, हा फार जुना झालाय. आता याला आराम द्या. कुणा कॉम्प्युटरवाल्याला दाखवा, याच्यातच काहीतरी आहे. आमचं काम लाईनपर्यंत."

तिच्या कानशिलाशी काहीतरी तडतडलं. लाईनपर्यंत! एकतीस वर्षं तिनं हेच वाक्य ऐकलं होतं. आमची लाईन ठीक आहे, तुमचं उपकरण बघा. कामचुकार लाईनमन हे वाक्य खिशातच घेऊन फिरतात. आणि आराम द्या म्हणे.

त्यानं एक चिठ्ठी पुढे केली. "येऊन गेल्याची सही द्या."

"टोन आल्याशिवाय सही नाही," ती म्हणाली.

"काय आल्याशिवाय?"

"टोन. फोन कानाला लावल्यावर वाजतो तो. म्हणजे काम झाल्याशिवाय. आमच्या वेळी आम्ही लोकांना हेच सांगायचो. सही दिली की लाईनमन पुन्हा तोंड दाखवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तोंड दाखवलं. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं मोडेमची वायर बदलली, बाहेरचा जोड नव्यानं केला, घामानं निथळला. दिवे आधीही हिरवे होते, नंतरही हिरवेच. कॉम्प्युटरवर तोच त्रिकोण.

"काकू, दोनदा आलो एवढी तरी सही द्या. सही नसली की ऑफिसात आलोच नाही असं धरतात."

"मला माहीत आहे काय धरतात ते."

मास्तर दारात उभे होते. म्हणाले, "अगं, दे की. आला तर आहे बिचारा."

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुमचा वजीर अडकलाय म्हणून हे सगळं चाललंय."

"माझा नाही, त्याचा," मास्तर पुटपुटले आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहिला. रेघांच्या कागदावर, समास सोडून, विषय अधोरेखित करून. "वारंवार तक्रार करूनही आपला कर्मचारी" इथपर्यंत लेखणी सरळ आली आणि थांबली. "दुरुस्ती करू शकला नाही" असं लिहायला हवं होतं. पण या शब्दांची वजनं तिला ठाऊक होती. दुरुस्त करू शकला नाही म्हटलं की पुन्हा तोच येतो. तिनं लिहिलं, "आपला कर्मचारी जाणीवपूर्वक एकदाही फिरकला नाही." मग वाचून पाहिलं. वाक्य गोळीसारखं होतं.

मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं. "आला होता की तो. दोनदा."

"दुरुस्त न करता येणं म्हणजे येणं होय? पेशंट मेला तरी डॉक्टर येऊन गेला म्हणायचं?"

मास्तरांनी कागद खाली ठेवला. ते फार वाद घालणारे नव्हते. चौथा दिवस उलटला आणि वजीर मारूनही ते डाव हरले.

दहा दिवसांनी दारात दुसराच लाईनमन उभा राहिला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलका. बूट न सांगता काढले आणि आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची पकडली.

"वहिनी, आधी घोटभर पाणी द्या. मग तुमच्या नेटकडे बघतो."

त्यानंही दिवे पाहिले, त्यानंही फोन जोडून पाहिला. मग म्हणाला, "लाईन खणखणीत आहे. जरा तुमचं यंत्र सुरू करा बरं माझ्यासमोर."

तिनं प्लग लावला, बटण दाबलं. काळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या दोन ओळी आणि शेवटी 'एफ-वन दाबा'. तिनं दाबलं.

"थांबा थांबा. काय होतं ते?"

"काही नाही. हल्ली रोज येतं. दाबलं की जातं."

"वाचलं नाही कधी?"

त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "आज तारीख काय?"

तिनं सांगितली.

"आणि इथे काय लिहिलंय?"

तिनं वाकून पाहिलं. एक जानेवारी. आणि साल असं, की तेव्हा ती रोज सकाळी साडेनऊला एक्स्चेंजच्या पायऱ्या चढत होती. हा कॉम्प्युटर अजून घरात यायचा होता.

"आत बटणाएवढी एक बॅटरी असते," तो सांगू लागला. "यंत्र बंद असलं तरी घड्याळ तेवढं चालू ठेवते. ती मेली. तरी प्लग लावून ठेवला असता ना, तर निभावलं असतं. तुम्ही तो काढून ठेवता?"

"रोज," मास्तर दारातून म्हणाले.

"म्हणजे रोज रात्री हा सगळं विसरतो आणि सकाळी वीस वर्षं मागे उठतो. आता हल्लीची जी पानं आहेत ना, ती आधी तारीख तपासतात. तारीख जुळली नाही की त्यांना वाटतं हा कोणी लबाड आहे, याला दार उघडायचं नाही. बाकी काही नाही." त्यानं तारीख बदलली, आजची घातली, पान पुन्हा उघडलं. बुद्धिबळाचा पट एका क्षणात समोर आला. काळे-पांढरे चौकोन, आणि वर लाल अक्षरांत मास्तर हरल्याचं.

ती पटाकडे बघत राहिली. लाईन एक दिवसही बंद नव्हती. एक तासही नाही.

"तुमच्या आधीचे..." तिनं विचारलं. "ते का नाही आले?"

"त्याला घरी बसवलाय हो." त्यानं पाण्याचा पेला उचलला. "चांगला पोरगा. खांबावर माकडासारखा चढायचा. पण कुणीतरी लिहून दिलं की हा फिरकतच नाही. तो म्हणतो दोनदा गेलो, पण सही एकही नाही. वरचे म्हणाले, खोट्या भेटी दाखवतोस. कंत्राटावरचा माणूस, त्याचं कोण ऐकतंय? लिहिणाराही बेरकी असणार. असं लिहिलंय म्हणे की साहेबानं तीनदा वाचलं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती मात्र त्यांच्याकडे बघत होती. ते बघत का नाहीत म्हणून.

त्यानं चिठ्ठी पुढे केली. काम झालं होतं. तिनं सही केली, इतक्या घाईनं की अक्षर रेघेबाहेर गेलं. तो म्हणाला, "सावकाश वहिनी, घाई नाही."

तो गेल्यावर बराच वेळ दोघं एकमेकांना सोडून घरातल्या इतर वस्तूंकडे बघत बसले.

"मी तेव्हाच बोललो होतो," मास्तर शेवटी म्हणाले.

"हो."

"पण एकदाच बोललो. नंतर गप्प बसलो. म्हटलं, या अर्जानं आपला अडकलेला डाव सुटला तर सुटू दे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यामुळे मला काही मोठेपणा घ्यायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या विभागीय ऑफिसात गेली. पर्समध्ये एक अर्ज होता. रात्रीच लिहून ठेवला होता, पाच वेळा फाडून सहाव्यांदा. "गैरसमजातून केलेली तक्रार मी मागे घेत आहे." सभ्य वाक्य. कुणालाही न बोचणारं, तिलाही.

हॉलमध्ये लाकडी बाकं होती, समोर काचेमागे तीन माणसं आणि भिंतीवर नंबर दाखवणारा लाल आकडा. तिचा नंबर सत्तेचाळीस. आकडा एकोणतीसवर होता. बाकावर एक माणूस बसला होता, चौकटीचा शर्ट, विस्कटलेले केस. तो सरकला. "बसा. इथे वारा लागतो."

"फार वेळ लागतो का हो?"

"सायबांना भेटायचंय का? साडेअकरानंतर भेटतात. नंबर वगैरे काही नाही, दारावर टकटक करून आत जायचं."

"बरं झालं सांगितलंत. तुम्ही इथेच काम करता?"

"करत होतो," तो म्हणाला.

तिला बोलायची भूक लागली होती. कालपासून घरात दोघांचे मिळून वीस शब्द झाले नसतील. अनोळखी माणसाशी बोलणं सोपं असतं, तिनं आयुष्यभर तेच केलं होतं. "मी एक तक्रार मागे घ्यायला आलेय," ती म्हणाली. "म्हणजे जरा गैरसमज झाला होता. आमचा कॉम्प्युटर जुना, आणि तो लाईनमन... त्याचंही थोडं चुकलंच. नीट समजावून सांगायला हवं होतं त्यानं."

चौकटीचा शर्ट आपल्या तळहाताकडे बघत राहिला. तळहातावर वायरचे जुने चरे होते. तिनं ते पाहिलेही, आणि तिला काहीही सुचलं नाही.

साडेअकराला ती आत गेली. साहेब चाळिशीचा होता, टेबलावर फायलींपेक्षा चहाचे पेले जास्त. तिचा अर्ज वाचून त्याचा चेहरा उजळला.

"फार छान मॅडम. असं कोणी येत नाही हो मागे घ्यायला. तक्रार बंद करून टाकतो."

"आणि तो माणूस?"

"कुठला?"

"ज्याच्याविरुद्ध होती."

"हां. त्याचं काय, शेरा पडलाय वरून. खोट्या भेटी दाखवल्याचा. तुमची तक्रार बंद झाली म्हणून शेरा निघत नाही. तुम्ही गैरसमज म्हटलंय. कशाबद्दल गैरसमज ते कुठे लिहिलंय?" त्यानं कागद टाचणीला लावला. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

तिला ठाऊक होतं. काल रात्रीच ठाऊक होतं. 'गैरसमज' हा शब्द तिनं स्वतः किती वेळा वहीत लिहिला होता. ज्यात कुणाचंच काही जात नाही आणि कुणाला काही मिळतही नाही, असा शब्द. म्हणूनच तो सहाव्या कागदावर बसला होता. इतकी वर्षं शब्दांची वजनं जोखून ती शेवटी सगळ्यात हलका शब्द उचलून आली होती, कारण तो तिला स्वतःला उचलायचा होता.

"तो कागद परत द्या," ती म्हणाली.

"अहो, झालं की मॅडम."

"द्या. आणि एक कोरा द्या."

ती टेबलाच्या कडेवरच लिहू लागली. समास सोडला नाही, विषय अधोरेखित केला नाही. लिहिलं, की आपला कर्मचारी दोन्ही दिवशी माझ्या घरी आला होता. पहिल्या दिवशी त्यानं लाईन चालू असल्याचं त्याच्या फोनवर मला दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. दोन्ही वेळा त्यानं सही मागितली, मी दिली नाही. दोष माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो एकदाही आला नाही, असं जे मी लिहिलं, ते खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं.

शेवटच्या वाक्याशी तिची लेखणी अडली. 'खोटं आहे' पुरलं असतं. 'लिहिताना माहीत होतं' याची कुणी मागणी केली नव्हती. पण ते नसतं तर साहेबाला त्यातून पुन्हा 'गैरसमज' असाच अर्थ काढता आला असता.

साहेबानं वाचलं. एकदा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. आता तो मॅडम म्हणाला नाही. "हे तुम्ही... बरं." तो जरा घुटमळला. "हे वर पाठवतो. याचा उपयोग होईल. किती होईल ते सांगत नाही, पण होईल." मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, आहेस का बाहेर? रोज येऊन बसतो तो. आत ये जरा."

दार उघडलं आणि चौकटीचा शर्ट आत आला.

म्हणजे तो लाईनमन हाच. हेल्मेट नव्हतं, शिडी नव्हती. दोनदा तो तिच्या घरात आला होता, तिच्या फरशीवर उकिडवा बसला होता, तिच्यासमोर घामानं निथळला होता आणि तिनं त्याचे बूट पाहिले होते. चेहरा पाहिलाच नव्हता. आणि त्यानं तिला दारातच ओळखलं असणार. ओळखून बाकावर सरकला होता. वाऱ्याची जागा दिली होती.

साहेबानं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानं वाचला, ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर घडी न घालता परत टेबलावर ठेवला.

"मी तुला ओळखलं नाही," ती म्हणाली. एवढ्या सगळ्यात तिच्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"ते कळलं काकू."

"आणि बाहेर मी जे बोलले, तुझंही चुकलं म्हणून..."

"ऐकलं ते."

"ते नाही. तुझं काही चुकलं नाही. माझंच चुकलं. सगळं."

'जाऊ द्या काकू' असं तो म्हणेल, अशी तिची आशा होती, आणि अशी आशा होती याचीच तिला लाज वाटली. तो तसं म्हणाला नाही. बाहेर आल्यावर मात्र तो तिच्यासमोर आडवा उभा राहिला.

"एक काम कराल? वर कधी काय ठरेल ते ठरेल. माझ्या वडिलांना फोन करा."

"वडिलांना?"

"बोलत नाहीयेत माझ्याशी. मी केला तर उचलत नाहीत. म्हणतात, सत्तरी ओलांडलेली बाई, एवढी शिकलेली, ती उगाच खोटं कशाला लिहील? तूच दांड्या मारत असशील." त्यानं डोळे तिच्या खांद्यापलीकडे भिंतीवर लावले. "तेही लाईनवरच होते. आयुष्यात एक दांडी नाही. तुमच्या फोनवरून लावा, म्हणजे उचलतील."

तिनं पर्समधून फोन काढला. त्यानं आकडे सांगितले, तिनं बटणं दाबली. घंटा वाजू लागली, तेव्हा तो म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला. त्यांना कमी ऐकू येतं."

"हॅलो!" पलीकडून एक खरखरीत आवाज आला.

"नमस्कार," ती म्हणाली. तिच्या गळ्यातून तिचा नोकरीतला आवाज आला होता, मऊ, गुळगुळीत, कुणाच्याच बाजूचा नसलेला. "मी आपल्या चिरंजीवांच्या संदर्भात बोलतेय."

"काय? ऐकू येत नाही! कोण बोलतंय?"

"मी ती तक्रार करणारी!"

"तक्रार? माझी काही तक्रार नाही! राँग नंबर!"

"नाही, नाही, ठेवू नका! मी ती बाई! तुमच्या मुलाची तक्रार केली ती!"

बाकावरचे दोघंतिघं वळले. काचेमागची मुलगी शिक्का मारता मारता थांबली.

"मग?" म्हातारा म्हणाला. "आता काय केलं त्यानं?"

"काही नाही केलं! तो आला होता! दोनदा आला होता माझ्याकडे! मी खोटं लिहिलं!"

"काय लिहिलं?"

तिनं डोळे मिटले. हॉल चिडीचूप झाला होता, लाल आकडासुद्धा बदलायचा थांबला होता असं तिला वाटलं. "खोटं! मी खोटं लिहिलं! तुमचा मुलगा दांडी मारत नाही! मी खोटी आहे!"

म्हातारा म्हणाला, रागानं नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं, "का हो?"

एकतीस वर्षांत हे कुणी तिला विचारलं नव्हतं. तक्रारीच्या वहीत सगळ्या बिघाडांना आकडे होते. वायर तुटणे एक, ओल शिरणे दोन, उपकरण सदोष तीन. या बिघाडाला आकडा नव्हता.

"राग आला होता!" ती ओरडली.

"कसला?"

"त्यानं माझ्या कॉम्प्युटरला जुना म्हटलं!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. तिची मान, कान, सगळं पेटलं होतं. चौकटीचा शर्ट तिच्या बाजूला उभा होता, हसला नव्हता.

"आहे का जुना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहे हो! फार जुना आहे!"

"हं." पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची असावी. "तो आहे का तिथे?"

"आहे."

"द्या त्याला."

तिनं फोन पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला आणि "बाबा" एवढंच म्हणून ऐकत राहिला. मग ऐकता ऐकताच चालू लागला, बाकांच्या मधून, दारातून बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, जिथून त्याची फक्त पाठ दिसत होती.

ती उभी राहिली. मग बाकावर बसली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता आणि बघत नसल्याचं दाखवत होता. तिला उठून निघून जावंसं वाटत होतं, तोंड लपवून, पहिल्या दारातून. पण फोन तिचा होता, आणि तो बोलत होता, आणि त्याचं बोलणं कधी संपेल ते काही कळत नव्हतं. तिनं पर्स मांडीवर घेतली आणि बसून राहिली.